हाजच्या काथवटीतला पाहुणा

हाज जिलालीने सभा स्वतःच्या घरी ठेवली, तीही शुक्रवारी, नमाजानंतर, वाफवलेल्या रव्याच्या कुस्कुसच्या जेवणासकट. तेव्हाच मी ओळखलं, की या माणसाने आम्हाला गुंडाळायचं ठरवलंय.

सभा खरं तर युवाघरात व्हायची होती. विषय एकच: हम्मामला लागून असलेली नगरपालिकेची जुनी सराई या हिवाळ्यात बेघरांसाठी उघडायची की नाही. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेची नुझा घरोघर फिरून सांगून आली होती, "या, मनात असेल ते बोला. मोहल्ल्याचं मत कळल्याशिवाय नगरपालिका कुलूप काढणार नाही." नुझा शाळेत शिकवते, आवाज बारीक, पण एकदा मागे लागली की सोडत नाही. मग हाज म्हणाला, युवाघरात शेगडी नाही, लोक कुडकुडतील, माझ्या दिवाणखान्यात या, आधी जेवू, मग बोलू. लोक खूश! आमच्या मिदेल्त गावात शुक्रवारच्या कुस्कुसला नाही कोण म्हणतो? आणि ज्याचं अन्न पोटात गेलं, त्याच्याच घरात बसून त्याच्याविरुद्ध तोंड कोण उघडतो? आमच्याकडे खाल्ल्या मिठाला न जागणाऱ्याच्या पोरीला कुणी मागणीही घालत नाही. हाजला हे पक्कं ठाऊक होतं. सफरचंदांचा व्यापारी तो. पेटीच्या वरच्या थराला कुठली फळं मांडायची, हे त्याला शिकवावं लागत नाही.

मी हनिया. हम्मामात बायकांच्या बाजूला दारात बसते, कपडे आणि बादल्या सांभाळते, आणि लोकांच्या मते जरा जास्तच बोलते. बोलते तर बोलते. ज्या बाईला दिवसभर मोहल्ल्यातल्या सगळ्या सुनांची गाऱ्हाणी ऐकावी लागतात, तिने तरी गप्प का बसायचं?

माझ्या डोक्यात सराई नंतर होती, आधी बा अस्सू होता. तरुणपणी तो शिशाच्या खाणीत होता. खाण बंद पडली, तशी कंपनीची खोली गेली. मग भावाकडे राहिला. भाऊ वारला, पुतण्यांनी घर विकलं, आणि बा अस्सू एक पिशवी घेऊन रस्त्यावर आला. दारू नाही, शिवी नाही, कुणापुढे हात पसरणं नाही. झोपायचा हाजच्या शीतगृहाच्या मागे, कारण आत सफरचंदं गार ठेवणारं यंत्र मागच्या भिंतीतून गरम हवा बाहेर फेकतं. बाकीचेही तिथेच पडायचे. इत्तोसुद्धा. ती हाजच्याच गोदामात सफरचंदं निवडायला होती, नवऱ्याने घराबाहेर काढेपर्यंत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्यातला मोहा एका सकाळी उठलाच नाही. त्याला शेवटची आंघोळ घालायला पाणी आमच्या हम्मामातून नेलं. त्या बादल्या मीच भरून दिल्या होत्या.

आणि यंदा शरदात हाजने त्या भिंतीशी सिमेंटमध्ये टोकदार दगड बसवून घेतले.

बा अस्सूच्या छातीत खाणीची धूळ बसलेली. त्याचा खोकला रस्त्यापलीकडून मला ऐकू यायचा. दवाखान्यातला डॉक्टर नुझाला सांगून गेला होता, हा माणूस आणखी एक हिवाळा उघड्यावर काढणार नाही. अयाशी डोंगराच्या माथ्यावर तर बर्फ दिसायला लागलंच होतं.

आदल्या दिवशी मी नुझाला गाठलं. "सभेला यायचा हक्क कुणाला आहे गं?"

"मोहल्ल्यात राहणाऱ्या कुणालाही, मावशी."

"राहणारा म्हणजे घर असलेला?"

तिने मान हलवली. "नाही. राहणारा म्हणजे राहणारा."

"झालं तर मग," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी मी इत्तोला आमच्या बाजूला आणि बा अस्सूला पुरुषांच्या बाजूला हम्मामात घातलं. मालकाने कुरकुर केली. मी म्हटलं, "मोहाच्या वेळी पाणी दिलंत ना? मग यांना जिवंतपणी द्या की." त्याने दार उघडलं. आत काळा साबण, गरम पाणी, खरखरीत हातमोज्याने अंग घासणं, सगळं साग्रसंगीत झालं. घरी माझ्या पेटीत नवऱ्याचा जेलाबा, लोकरी पायघोळ झगा, होता, ईदसाठी शिवलेला, तो एकदाच घातला आणि नवरा गेला. तो मी बा अस्सूला दिला. बाहेर आला तेव्हा पांढरी दाढी विंचरलेली, पाठ ताठ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात थोडं नवऱ्यासाठी होतं, हे कबूल.

"पोरी, मला कशाला नेतेस?" बा अस्सू म्हणाला. "मी तिथे काय बोलणार?"

"नवरदेव म्हणून नाही नेत. जेवा आणि बसा. बोलावंसं वाटलं तर बोला."

माझा बेत एवढाच होता. यांच्याबद्दल जे बोलायचं ते लोकांनी यांच्या तोंडावर बोलावं. पुढे जे झालं ते माझ्या बेतात नव्हतं, ते हाजने स्वतःच्या हाताने केलं.

झालं असं, की प्रांताच्या कचेरीतून एक साहेब सभेला येणार, असं मुकद्दम बुअज्जाने हाजच्या कानात घातलं होतं. मुकद्दम म्हणजे मोहल्ल्यातले सरकारचे डोळे आणि कान; त्याने सांगितलं की खरंच असणार. तो साहेब काही आला नाही. पण हाज दारात उभा राहून प्रत्येकाला मिठी मारत असताना समोर बा अस्सू आला, पांढराशुभ्र, ताठ, शांत. हाजने त्याला कधी नीट पाहिलं असेल तर ना? भिंतीशी पडलेलं गाठोडं पाहिलं होतं, त्यातला चेहरा नाही; आणि बाकीच्यांनीही तेवढंच पाहिलं होतं.

हाजने त्याचा खांदा धरला. "या, या! अल्लाहने तुम्हाला आमच्या दारी आणलं. इथे, माझ्या शेजारी."

आणि नाव विचारलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला जेवणाआधी तू कोण, कुठला, असं विचारत नाहीत. रस्त्यावरून आलेला अनोळखी असो की सुलतान, आधी अन्न, मग ओळख. ही रीत हाजने कधी मोडली नाही, आणि त्या दिवशी ती त्याला चांगलीच भोवली.

बायका दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. तिथून मला सगळं दिसत होतं. लाकडी काथवटी आल्या, कुस्कुसचे डोंगर, वर भोपळा, गाजर, सलगम, आणि मधोमध दडवलेलं मांस. हाजने बाही सरसावली. कोकराच्या खांद्याचा मऊ तुकडा तोडून त्याने बा अस्सूपुढे ठेवला.

"घ्या."

"पुरे, हाज."

"पुरे काय! माझी शपथ आहे. हा तुकडा संपल्याशिवाय उठू देणार नाही." आणि दुसरा तुकडा ठेवला. मग मज्जेचं हाड. माझ्या शेजारची कुजबुजली, "साहेब बडा दिसतो." मी ओढणीआड हसू दाबत होते.

आमच्या काथवटीला हाजची आई होती, लाल्ला यज्जा. दृष्टी अधू झालेली, पण कुस्कुस अजून तीच वाफवते, सुनेला हात लावू देत नाही. तिच्या शेजारी इत्तो बसली होती. म्हातारीने तिचा हात चाचपला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं लेकी. खा. मुकाट्याने खा." आणि मुटका वळून तिच्या तळहातावर ठेवला. इत्तोने तो हळूहळू खाल्ला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

जेवण झालं, हात धुतले, पुदिन्याचा चहा आला. नुझाने उभं राहून विषय मांडला आणि लोकांना बोला म्हणाली. मग जे सुरू झालं, ते मी कितीदा तरी ऐकलं होतं. वाणी लहसन म्हणाला, "ते सगळे पितात." एक बाई म्हणाली, "पोरींना हम्मामला पाठवायची भीती वाटते." कुणी म्हणालं, "घरांचे भाव पडतील." दुसरं कुणी म्हणालं, "कामाचा आळस आहे, दुसरं काय?" नुझा प्रत्येकाला विचारत होती, "तुम्ही त्यांच्यातल्या कुणाशी बोललात का कधी?" आणि लोक चहाच्या पेल्यात बघत होते.

मग हाज उठला.

"मी काही दगडाच्या काळजाचा माणूस नाही," तो म्हणाला. "दर वर्षी घोंगड्या वाटतो, फोटो आहेत. पण हे लोक आपले नाहीत. कुठले कोण, कुणाला माहीत. आज सराई उघडा, उद्या पार मेकनेस शहरापासूनचे येऊन पडतील. यांना घर द्याल, तर दार विकून खातील. मी सांगतो ते कडू वाटेल, पण खरं आहे." माना डोलायला लागल्या. मीठ आपलं काम करत होतं. मग हाज मोठ्या अदबीने शेजारी वळला. "साहेब, तुम्ही अनुभवी, तुम्ही सरकारचे. तुम्हीच या लोकांना सांगा."

बा अस्सूने पेला खाली ठेवला. त्याला खोकला आला. तो सरेपर्यंत सगळे अदबीने थांबले, साहेबाचा खोकला ना तो!

"हाज, अल्लाह तुमच्या घरात बरकत ठेवो," तो म्हणाला. "इतकं चांगलं मी फार दिवसांत जेवलो नव्हतो. पण मी साहेब नाही. मी अस्सू. तुमच्या शीतगृहाच्या मागे झोपायचो. तुम्ही तिथे दगड बसवले, तेव्हापासून बसथांब्यावर झोपतो."

लहसन वाण्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. तोही त्याच काथवटीत जेवला होता.

"मग... मग तुम्ही सांगितलं का नाही?" हाजच्या तोंडून कसंबसं निघालं. 'तुम्ही' अजून सुटलं नव्हतं.

"तुम्ही विचारलं नाही. पाहुण्याला जेवणाआधी विचारायचं नसतं. तुम्ही रीतीने वागलात." बा अस्सू सगळ्यांकडे वळला. "मी कुठूनतरी आलेलो नाही. इथेच जन्मलो, इथल्या डोंगराखाली राबलो. पीत नाही, लहसन, तुझ्या दुकानातून पाव आणि चहापत्ती घेतो, तेवढंच. आणि दार विकायचं म्हणाल, तर मला दार मिळू द्या. किती वर्षं झाली, मी आतून कडी लावलेली नाही."

हाजचा चेहरा लाल झाला. "हा डाव आहे! कुणी आणलं याला?"

"मी," मी म्हटलं.

"हनिया!"

"सभा मोहल्ल्याची, जेवण तुमचं. मी फक्त आंघोळ घातली."

कुणीतरी फस्सकन हसलं. तेवढ्याने हाजचं डोकं फिरलं. त्याचा हात वर गेला, दाराच्या दिशेने, आणि तोंड उघडलं. 'निघा' म्हणणार होता तो, माझी खात्री आहे.

"जिलाली." आवाज लाल्ला यज्जाचा होता. "हात खाली घे."

"आई, तुला माहीत नाही—"

"मला नीट दिसत नाही, पण ऐकू येतं. ज्या हाताने त्याला मांस तोडून दिलंस, त्याच हाताने दार दाखवतोस? माझ्या हातचं अन्न त्याच्या पोटात अजून गरम आहे. आणि माझ्या शेजारी ही पोर बसलीय, तीही त्यांच्यातलीच ना? मला वाटलंच. हिने माझ्या हातून खाल्लंय. या दोघांना आता कुणी हाकललं, तर या घरात मी पुन्हा कुस्कुस वाफवणार नाही. तू तुझी सफरचंदं खात बस."

हाजने हात खाली घेतला. शेवटी व्यापारीच तो, पटकन सावरला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "आई बरोबर बोलली. बा अस्सू, तुम्ही माझे पाहुणे. रीतीप्रमाणे तीन दिवस माझ्या घरी राहा. तुम्ही माझ्या डोक्यावर, माझ्या डोळ्यांवर."

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. किती छान, किती मोठ्या मनाचा हाज! लहसन तर जोडे शोधायला लागला. तीन दिवसांत सराईचं कुलूप तसंच राहणार होतं आणि चौथ्या दिवशी बा अस्सू बसथांब्यावर, बर्फात. एवढं होऊन आम्ही हरत होतो, तेही हाजच्या चांगुलपणापुढे. मला रडावंसं वाटलं, रागाने.

बा अस्सू जागचा हलला नाही.

"तुमचा मान राखतो, हाज," तो म्हणाला. "पण तीन दिवस मी तुमच्याकडे, मग? आणि इत्तो? आणि भिंतीशी झोपणारे बाकीचे? सगळं आयुष्य मी दुसऱ्याच्या घरी राहिलो. आधी कंपनीच्या, मग भावाच्या. मला आता पाहुणा व्हायचं नाही. मला पाहुणा बोलवायचाय."

नुझाने संधी सोडली नाही. वही वगैरे सगळं बाजूला ठेवून ती बा अस्सूसमोर जमिनीवरच बसली. "मग तुम्हीच सांगा, बा. सराई कशी हवी?"

त्यांना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. बा अस्सूने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "कडी आतून हवी. संध्याकाळी बाहेरून कुलूप घालायचं नाही, आम्ही मेंढ्या नाही." इत्तो पुढे सरकून बोलली, "बायकांना वरचा मजला. आणि पिशवी ठेवायला जागा. कामावर जाताना पिशवी कुठे ठेवायची, म्हणूनच काम सुटतं. पिशवी घेऊन आलेल्या बाईला कुणी कामावर घेत नाही." तिने हाजकडे पाहिलं. "आणि घोंगडी देताना फोटो काढू नका."

कामाचा आळस म्हणणारा मान खाली घालून बसला. मग एकेकाची तोंडं उघडली, आणि या वेळी वेगळीच. मी म्हटलं, हम्मामच्या भट्टीची भिंत सराईला लागूनच आहे, पलीकडच्या खोल्या फुकटात ऊब घेतील. भट्टीवाल्याने मान डोलावली. पाववाला म्हणाला, संध्याकाळचे उरलेले पाव माझ्याकडून. सुतार म्हणाला, कड्या मी बसवतो, चांगल्या पोलादी. पोरींची भीती वाटणारी बाई इत्तोला म्हणाली, "तू असशील ना तिथे? मग माझ्या पोरी येताना तुला हाक मारतील."

नुझाने हात वर करायला सांगितले. हातच हात. लाल्ला यज्जाने हात वर केला आणि दुसऱ्या हातातल्या काठीने अंदाजाने लेकाचं कोपर शोधलं.

"जिलाली, तुझा वर आहे का?"

"आहे, आई."

"माझ्या काठीला तरी लागत नाही."

हाजचा हात वर गेला, आणि दिवाणखाना हसण्याने दणाणला. हसता हसता हाजही हसला, काय करणार!

"मला वर कळवावं लागेल," मुकद्दम बुअज्जा म्हणाला.

"कळवा की," मी म्हटलं. "मोहल्ल्याचं मतच हवं होतं ना त्यांना? हे घ्या मत. फोन इथेच करा."

त्याने कोपऱ्यात जाऊन फोन केला, बराच वेळ हो-हो केलं, आणि परत येऊन खिशातून सराईची किल्ली काढली.

त्याच दुपारी सगळा मोहल्ला तिकडे निघाला. कुणाच्या डोक्यावर मेंढीचं कातडं, कुणाच्या हातात शेगडी, कुणाकडे चहाची किटली. वाटेत बर्फ सुरू झालं. सुताराने पहिली कडी बसवली, बा अस्सू आत गेला, आणि त्याने दार लावलं. आम्ही सगळे बाहेर थांबलो. कडी सरकल्याचा आवाज आला. बायकांनी आनंदाची अशी ललकारी उठवली, की हम्मामातल्या बायका ओल्या केसांनी बाहेर डोकावल्या. मी रडले, आणि या वेळी नवऱ्यासाठी अजिबात नाही.

पुढच्या शुक्रवारी सराईतल्या लोकांनी कुस्कुस केलं. शिजवलं इत्तोने, आणि लाल्ला यज्जा बाजूला बसून तिला रागावत होती. सगळ्या मोहल्ल्याला आमंत्रण होतं. लोक आले, बसले, फक्त हाज आला नव्हता. थंडी आत येते म्हणून बा अस्सूने दार लावून कडी घातली. कुणी म्हणालं, "तो कसला येतोय!"

आणि दारावर थाप पडली. बेताची, लाजरी.

बाहेर कोण आहे ते सगळ्यांना कळलं होतं. त्याच सकाळी हाजच्या माणसांनी शीतगृहाच्या भिंतीपाशी छिन्नीने दगड काढायला घेतल्याचं मी स्वतः पाहिलं होतं, पण ते सांगायला मी तोंड उघडलं नाही. उठून जायचं ते बा अस्सूने, त्याचं दार होतं.

बा अस्सू उठला. 'कोण' असं त्याने विचारलं नाही. कडी काढली, दार पूर्ण उघडलं, बर्फाने पांढऱ्या झालेल्या हाजचा खांदा धरला आणि त्याला आत घेतलं.

"या. इथे, माझ्या शेजारी."

हाज मांडी घालून बसला. बा अस्सूने बाही सरसावली, मांसाचा सगळ्यात मऊ तुकडा तोडला आणि हाजपुढे ठेवला.

"पुरे, बा अस्सू," हाज म्हणाला.

"पुरे काय! माझी शपथ आहे," बा अस्सू म्हणाला. "हा तुकडा संपल्याशिवाय माझ्या घरातून उठू देणार नाही."